नऊ चुकीची उत्तरे

सोमवार, ६ जानेवारी २०२५, अमरावती

वस्तुस्थिती प्रथम, मत नंतर. हा नियम मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवला. स्वतःच्या वहीतही तोच पाळते.

एक. वऱ्हाड संख्याशास्त्र परीक्षा मंडळाची प्राथमिक परीक्षा २२ डिसेंबर रोजी अकोला आणि अमरावती या दोन केंद्रांवर झाली. उमेदवार ४१२, प्रश्न पन्नास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय.

दोन. प्रश्नपत्रिका मी काढली.

तीन. अकोला केंद्रावरील आसन क्रमांक ११८ आणि ११९ यांना प्रत्येकी एकेचाळीस गुण मिळाले. दोघांचे चुकलेले नऊ प्रश्न तेच आहेत. त्या नऊ प्रश्नांना दोघांनी निवडलेले चुकीचे पर्यायही तेच आहेत.

चार. ११८ म्हणजे आरती तायडे, राहणार तेल्हारा. ११९ म्हणजे नितेश कास्देकर, राहणार धारणी. दोघेही अकोल्यात एकाच महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहेत.

पाच. पर्यवेक्षकाने संशयास्पद काही पाहिल्याची नोंद नाही. पर्यवेक्षकांच्या नोंदींवर माझा विश्वास नाही.

बरोबर उत्तरे जुळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर एकच असते. चुका जुळणे ही वेगळी गोष्ट. चुकीचे पर्याय तीन. एकाने जो निवडला तोच दुसऱ्याने निवडण्याची संभाव्यता एक तृतीयांश. नऊ प्रश्नांसाठी तिचा नऊ वेळा गुणाकार केला तर उत्तर येते १९,६८३ मध्ये एक. गुणाकार कागदावर दोनदा केला, मग यंत्रावर.

शेजारशेजारच्या आसनांची तुलना करावी, ही कल्पना माझी. मंडळाच्या इतिहासात हे पूर्वी कोणी केलेले नाही.

मंडळाचे कार्यालय अधीक्षक गजेंद्र ठोकळ फोनवर म्हणाले, "एकोणीस हजार? मंग तं मॅडम, बोलाचं कामच नाही."


मंगळवार, ७ जानेवारी

अहवाल सही करून अकोल्याला पाठवला. चौकशी समितीत संख्याशास्त्र जाणणारा एकही नाही. मंडळाचे आणि समितीचेही अध्यक्ष पुंजाजीराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत, विषय मराठी. त्यांना कळावे म्हणून परिच्छेद चार मुद्दाम सोपा लिहिला : "नक्कल न करता ही नऊ उत्तरे जुळण्याची संभाव्यता १९,६८३ मध्ये एक आहे. म्हणजेच या दोघांनी नक्कल केलेली नसण्याची संभाव्यता १९,६८३ मध्ये एक आहे."

नियम अकरा : नक्कल करणारा आणि करू देणारा, दोघेही दोषी. निकाल रद्द, तीन वर्षे परीक्षाबंदी. लेखी कबुली दिल्यास एक वर्ष.


शुक्रवार, १० जानेवारी

दोघांना 'कारणे दाखवा' नोटिसा गेल्या. सोबत माझ्या अहवालाची प्रत जोडली आहे. ती जोडू नये असे मी सुचवले होते. पण नियम आहे म्हणे.

गजेंद्र यांचा पुन्हा फोन. "मॅडम, ते तायडेची पोरगी दोन डाव येऊन गेली. जिल्ह्याच्या एका ऑफिसात सांख्यिकी सहायक म्हणून तिची निवड झाली हाय, कंत्राटावर. एकतीस तारखेच्या आत आपलं प्रमाणपत्र नेऊन द्या लागते. नाही तं यादीतला खालचा माणूस घेतात."

"याचा गणिताशी संबंध नाही."

"नाही, मी आपलं सांगतलं. रडली-बिडली नाही, बरं का. निस्ती टेबलापाशी उभी राह्यली."

जेवताना श्रावणरावांनी विचारले की असे काय कठीण प्रश्न होते. माझे पती कृषी खात्यातून निवृत्त झाले. मूळचे वरूडचे, पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपली बोली तसूभरही सोडलेली नाही, आणि ते हे हेतुपुरस्सर करतात अशी माझी खात्री आहे. मी त्यांना प्रश्न तेरा वाचून दाखवला : एक नाणे पाच वेळा उडवले, पाचही वेळा छापा पडला, सहाव्या वेळी काटा पडण्याची संभाव्यता किती?

"आता काटाच पडन ना व. पाच डाव तं छापा झाला."

मी सांगितले की नाण्याला स्मरणशक्ती नसते. संभाव्यता निम्मीच राहते. तुम्ही निवडलेला पर्याय 'ब' मी तुमच्यासारख्यांसाठीच ठेवला होता. माझे चुकीचे पर्याय मी हवेतून काढत नाही. तीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांत जी चूक पुन्हापुन्हा दिसली ती टिपून ठेवली आणि तिच्यातून पर्याय घडवला. अर्धवट शिकलेल्याचा हात नेमका तिथेच जावा, इतका तो बेमालूम असतो. उरलेले दोन पर्याय केवळ जागा भरण्यासाठी.

"म्हंजे तू सापळे लावतेस."

"कस पाहते."

"तेच ते. मंग दोन उंदरं एकाच सापळ्यात सापडले, तं ते एकमेकाले इचारून आले म्हनतेस काय?"

उपमा हा पुरावा नव्हे, असे मी म्हटले. त्यांनी आणखी अर्धी भाकर मागितली.


मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

नितेश कास्देकरचा माफीनामा कार्यालयात आला. गजेंद्र यांनी त्याचे छायाचित्र फोनवर पाठवले. "उपरोक्त परीक्षेत मी आसन क्रमांक ११८ च्या उत्तरपत्रिकेत पाहून उत्तरे लिहिली. सदर कृत्याबद्दल मी दिलगीर आहे. माझ्या प्रकरणाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा."

सिद्ध झाले. भाषा मात्र अनपेक्षितपणे शुद्ध आहे. धारणीच्या शाळेत कोणीतरी नीट शिकवत असावे.

मला फार हायसे वाटले. ज्याची आधीच खात्री होती त्याने इतके हायसे का वाटावे, हे कळले नाही. सुगड पुजताना तीळ सांडले.


गुरुवार, १६ जानेवारी

आरती तायडेचा खुलासा. दोन पाने, निळी शाई, दोन ठिकाणी खाडाखोड. कबुली नाही. महत्त्वाचा भाग येथे उतरवून ठेवते :

"प्रश्न क्रमांक ३७ असा होता : एका गावात ताप आलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना खोकला आहे, तर खोकला असलेल्यांपैकी किती टक्के लोकांना ताप आहे? मी ९० टक्के हे उत्तर लिहिले. ते चुकले. निकाल लागल्यावर मी तो प्रश्न पुन्हा अभ्यासला. ताप असेल तर खोकला किती, यावरून खोकला असेल तर ताप किती हे सांगता येत नाही, कारण साधा खोकला असलेले लोक गावात कितीतरी असू शकतात. माननीय परीक्षक मॅडमच्या अहवालात परिच्छेद चारमध्ये असे लिहिले आहे की, नक्कल नसेल तर उत्तरे जुळणे फार दुर्मीळ, म्हणून उत्तरे जुळली तर नक्कल नसणे फार दुर्मीळ. मला वाटते ही माझीच ३७ नंबरची चूक आहे. मॅडम माझ्यापेक्षा खूप मोठ्या आहेत. मी चुकत असेन तर मला समजावून सांगावे."

वीस वर्षांच्या मुलीने मला माझ्याच प्रश्नपत्रिकेतील प्रश्न शिकवावा! नम्रतेच्या आडून केलेला उद्धटपणा ओळखायला मला वेळ लागत नाही. तो परिच्छेद अज्ञ वाचकांसाठी सोपा केला होता. सोपे करताना थोडेफार निसटते.


शुक्रवार, १७ जानेवारी

परिच्छेद चार सात वेळा वाचला. दुसरे वाक्य पहिल्या वाक्यातून निघत नाही.


रविवार, १९ जानेवारी

दुपारी तीन वाजता आरती तायडे घरी आली. फोन न करता, तेल्हाऱ्याहून दोन बस बदलून. श्रावणरावांनी तिला थेट बैठकीत आणून बसवले आणि संत्री पुढे ठेवली. मी त्यांना नजरेने सुचवले की हे नियमबाह्य आहे. ते नजर वाचत नाहीत.

"सुनावणीपूर्वी परीक्षकाला भेटता येत नाही," मी उभ्यानेच सांगितले.

"माहीत हाय मॅडम. एकच गोष्ट इचाराची हाय, मंग जाते मी. बाकीच्यायनं काय लिहिलं ते पाह्यलं काय तुमी?"

"बाकीच्यांचा काय संबंध?"

"आमच्या अभ्यासिकेत आमी चौदा जणं होतो. परीक्षा झाल्यावर चहाच्या टपरीवर उत्तरं जुळवली. नाण्याच्या सवालात बारा जनायनं 'ब' लिहिलं होतं. बारा! मी तं खुश झाली, म्हटलं आपलं बरोबरच हाय." ती हसली, मग इथे हसायचे नसते हे आठवून थांबली. "तुमचा चुकीचा पर्याय असा असते ना मॅडम, का हात आपोआप तिकडंच जाते."

"आणि शेजारचे आसन? तोही योगायोगच?"

"फारम एकाच कम्प्युटरवर भरले आमी. माहा झाल्याबरोबर नितेशचा. म्हनून नंबर लागोपाठ आला. तीन वर्षं झाली, आमी एकाच वहीतून अभ्यास करून राहिलो. जे त्याले येते ते मले येते, जे त्याले येत नाही ते मले बी येत नाही."

"नितेशने कबुली दिली आहे."

तिने संत्र्याची साल टेबलावर एकावर एक रचली. "त्याले इचारा ना मॅडम. मले तो फोनवर बोलून नाही राहिला."

श्रावणरावांनी विचारले, "बाबा काय करते तुहे?"

"ऑटो चालवते काका, तेल्हारा ते अकोट. निवडीची यादी लागली ना, तं त्यायनं ऑटोच्या मागं पेंटरकडून लिहून घेतलं, 'सांख्यिकी सहायक'. मी म्हटलं, बाबा, नोकरी तं लागू द्या. तं म्हनते, रंग वाळाले बी टाइम लागते."

श्रावणराव मोठ्याने हसले. मी हसले नाही. "माझ्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत मी लिहिले आहे की स्वतंत्र अभ्यास करावा," मी म्हटले. माझ्या तोंडून हेच का निघाले ते सांगता येत नाही. ती गेल्यावर श्रावणरावांनी साली उचलल्या.


सोमवार, २० जानेवारी

आज सर्व ४१२ उत्तरपत्रिकांची माहिती उघडली. हे मी ६ तारखेला करायला हवे होते. मी फक्त शेजारची आसने पाहिली होती, कारण मला नक्कल शोधायची होती; आणि शोधणाऱ्याने फक्त शेजारीच पाहिले तर त्याला सापडणारी प्रत्येक गोष्ट शेजारचीच असणार.

प्रश्न तेरा : चुकणाऱ्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांनी 'ब' निवडला आहे. प्रश्न सदतीस : तेच. नऊही प्रश्नांत चित्र जवळजवळ एकसारखे. म्हणजे दोन चुकणाऱ्यांचा पर्याय जुळण्याची संभाव्यता एक तृतीयांश नाही; ती दहात आठच्या आसपास आहे. आठ दशांशाचा नऊ वेळा गुणाकार : सुमारे साडेसातांत एक.

एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी नव्हे. साडेसात.

आणि हाही हिशेब प्रत्येक प्रश्न सुटा धरून केलेला. ज्याला एक संकल्पना उमजली नाही त्याला तिची बहीणही उमजत नाही, हे मी धरलेच नाही. तेव्हा हिशेब सोडला आणि नुसते मोजले. या नऊ प्रश्नांना हीच नऊ चुकीची उत्तरे देणारे उमेदवार, या दोघांव्यतिरिक्त : तेवीस. त्यांतील चौदा अमरावती केंद्रावर, नव्वद-पंचाण्णव किलोमीटर दूर.

तेवीस पुन्हा मोजले. तेवीसच.


बुधवार, २२ जानेवारी

पुरवणी अहवाल पाठवलेला नाही. तिसरा मसुदा चालू आहे. तक्त्यात टक्केवारी एका दशांश स्थळापर्यंत द्यावी की दोन, हे ठरत नाही. दुरुस्तीतच चूक राहिली तर ती दुरुस्ती कसली? घाईत लिहिलेल्या एका परिच्छेदाची फळे समोर असताना पुन्हा घाई करणे शहाणपणाचे नाही. सुनावणी परवा आहे. तेथे प्रत्यक्ष मांडता येईल.

रक्तदाब १५८/९६. श्रावणरावांनी विचारले, "पाठवलं काय?" मी म्हटले, "तपासते आहे." ते म्हणाले, "तपास बाप्पा. एकतीस तारीख काही आपल्या सवडीनं येत नाही."


शुक्रवार, २४ जानेवारी, अकोल्याहून परतीच्या गाडीत

जे घडले ते घडले तसे लिहिते.

सकाळी बडनेऱ्याहून गाडीने आले. पुरवणी अहवालाचा पाचवा मसुदा पिशवीत, निळ्या फाइलमध्ये होता. सुनावणी मंडळाच्या सभागृहात झाली. टेबलाच्या एका बाजूला समितीचे तिघे, दुसऱ्या बाजूला आरती तायडे. नितेशला बोलावलेच नव्हते. कबुली दिलेल्याची सुनावणी होत नाही.

आरतीने आपला खुलासा वाचला. तापाचे आणि खोकल्याचे उदाहरण आले तेव्हा समितीतील एक सदस्य म्हणाले, "बाई, हे परीक्षा हाय का दवाखाना?" सगळे हसले. ती वाचत राहिली.

मग पुंजाजीराव माझ्याकडे वळले. "मॅडम, आमी काही गणितातले नाही. तुमच्या अहवालातले आकडे बरोबर हायेत ना?"

फाइल माझ्या मांडीवर होती. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. त्या मुलीचेही, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, वर्गात उत्तराची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याची उत्सुकता होती. मी म्हटले, "आकडे बरोबर आहेत."

हे खरे आहे. तीनचा नववा घात १९,६८३ च होतो. मी खोटे बोलले नाही.

ठराव झाला : तीन वर्षे.

बाहेरच्या व्हरांड्यात नितेश उभा होता. सडपातळ, अंगात स्वेटर, खांद्याला पिशवी. आरती त्याच्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेली. मी त्याला विचारले, "तू पाहून लिहिलेस का?"

"नाही मॅडम."

"मग कबुली?"

"हिशोब केला मी." तो अगदी शांतपणे सांगत होता, तोंडी परीक्षेत सांगावे तसा. "ठोकळसाहेबायनं सांगतलं का मंडळ दहातल्या नऊ पोरायले सोडत नाही. कबूल नाही केलं तं तीन वर्षं गुणिले शून्य दशांश नऊ, म्हंजे दोन दशांश सात वर्षं. कबूल केलं तं पक्कं एक. अपेक्षित नुकसान कमी कशात हाय ते पाह्यलं. तुमच्याच पुस्तकात हाय ना, पाचवं प्रकरण."

मी मनातल्या मनात गुणाकार तपासला. बरोबर होता.

"मजकूर कोणी लिहून दिला?"

"ठोकळसाहेबायनं. मी फक्त उतरवलं. 'उपरोक्त' मले दोनदा लिहा लागलं." मग तो म्हणाला, "आरतीचा नंबर टाका म्हटलं त्यायनं, नाही तं माफीनामा अधुरा राहते. तेवढं मी हिशोबात धरलंच नव्हतं मॅडम. तिचे तीन वर्षं माह्या खात्यात कुठं लिहा, ते पुस्तकात नाही."

धारणीची बस सुटायची वेळ झाली होती. तो गेला.

तो चुकला कुठे, हे गाडीत बसल्यापासून शोधते आहे. त्याच्या गणितात चूक नाही. त्याला दिलेल्या माहितीत आहे. आणि त्या माहितीत माझा अहवाल आहे.


शनिवार, २५ जानेवारी

'आकडे बरोबर आहेत' हे वाक्य वर्गात कोणी मला दिले असते तर मी त्याला शून्य गुण दिले असते. प्रश्न आकड्यांचा नव्हता, निष्कर्षाचा होता.

काही खाल्ले नाही.


सोमवार, २७ जानेवारी, अकोल्याहून परतल्यावर

पुरवणी अहवाल घेऊन पुंजाजीरावांना भेटले. गजेंद्र ठोकळ शेजारी उभे.

मी सर्व सांगितले : सापळ्यासारखे पर्याय, तेवीस उमेदवार, परिच्छेद चार. पुंजाजीरावांनी चष्मा काढला. "मॅडम, शुक्रवारी तुमीच म्हनाल्या, आकडे बरोबर हायेत."

"आकडे बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी ते तेव्हाच सांगायला हवे होते."

"अन् त्या पोराची कबुली?"

"ती आपल्या कार्यालयात लिहिली गेली."

गजेंद्र छताकडे पाहू लागले. "मी तं पोराच्या भल्यासाठीच..."

"तुमी थांबा, ठोकळ," पुंजाजीराव म्हणाले, मग मऊ आवाजात माझ्याकडे वळून, "पाहा मॅडम. तुमी या इलाख्यातलं मोठं नाव. लोकं तुमचं पुस्तक डोक्याशी घेऊन झोपतात. उद्या पेपरात आलं का मॅडमचं गणित चुकलं, अन् तेही एका पोरीनं काढलं, तं कसं दिसन? मी तुमच्याचसाठी म्हनतो. मार्चच्या बैठकीत इषय घेऊ. पाहू."

"मार्चपर्यंत तिची जागा जाईल."

"जागा काय, दुसरी येते. पोरगी हुशार हाय."

"ती हुशार आहे म्हणून तिने तीन वर्षे थांबायचे? काहून?"

'का'साठी हा वऱ्हाडी शब्द मी चाळीस वर्षांत उच्चारलेला नाही. माझी आई असे बोलत असे. पुंजाजीराव हसले, आणि त्यांनी पुरवणी अहवाल वाचण्याआधीच फाइल मिटली.

परतताना मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली होती. नाव, कसे दिसेल, पेपर, हे सर्व मी २० तारखेपासून स्वतःला सांगत होते. फक्त दशांश स्थळांच्या भाषेत. तेच त्यांनी साध्या भाषेत सांगितले, एवढाच फरक.


बुधवार, २९ जानेवारी, अमरावती

पुढील पत्र आज एकाच बैठकीत लिहिले. दुसरा मसुदा केला नाही. उद्या सकाळी स्वतः अकोल्यास नेऊन आवक शिक्क्याची पोच घेईन. नक्कल येथे ठेवते.

"प्रति, अध्यक्ष, वऱ्हाड संख्याशास्त्र परीक्षा मंडळ, अकोला.

महोदय,

मी, डॉ. रागिणी धर्माळे, २२ डिसेंबरच्या प्राथमिक परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणारी परीक्षक, पुढीलप्रमाणे कळवते.

माझ्या ७ जानेवारीच्या अहवालातील परिच्छेद चार चुकीचा आहे. ही छपाईची चूक नाही, गणिताचीही नाही, तर्काची आहे. ज्या चुकीसाठी प्रश्न ३७ मध्ये मी एकशे नव्वदहून अधिक उमेदवारांचा एकेक गुण कापला, तीच चूक मी सहीनिशी केली. ती आसन क्रमांक ११८ हिने आपल्या खुलाशात दाखवून दिली. त्या खुलाशात दोन ठिकाणी खाडाखोड आहे. तर्क एकाही ठिकाणी चुकलेला नाही. ती चूक मला १७ जानेवारीस कळली होती. तेवीस उमेदवारांची गोष्ट २० जानेवारीस कळली. २४ जानेवारीस समितीने विचारले असता मी ती सांगितली नाही. या सात दिवसांचे कोणतेही शास्त्रीय कारण माझ्याकडे नाही.

तेवीस उमेदवारांची यादी आसन क्रमांकांसह सोबत जोडली आहे. ११८ व ११९ यांना जुळत्या चुकांसाठी दोषी धरायचे असेल, तर या तेवीस जणांनाही नोटीस द्यावी लागेल. त्यांतील चौदा जणांनी अमरावतीत बसून अकोल्यातील उत्तरपत्रिका कशी पाहिली, याचे उत्तर मंडळाला द्यावे लागेल. ११९ याचा माफीनामा आपल्या कार्यालयात, आपल्या अधीक्षकांच्या शब्दांत लिहिला गेला, असे त्याने मला सांगितले आहे. तो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाऊ नये.

नियम अकरामध्ये चुकीचा निष्कर्ष सहीनिशी देणाऱ्या परीक्षकासाठी शिक्षा नाही. ही त्रुटी आहे. ती दूर होईपर्यंत मी स्वतःहून तीन वर्षे मंडळाची कोणतीही प्रश्नपत्रिका काढणार नाही. हे पत्र आपण वर्तमानपत्राला देणार असाल तर माझी हरकत नाही. न दिल्यास मी देईन.

पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मला हवी आहेत. कुमारी आरती तायडे हिची परीक्षाबंदी रद्द झाली का? श्री. नितेश कास्देकर याची रद्द झाली का? दोघांची प्रमाणपत्रे कोणत्या दिवशी, किती वाजता त्यांच्या हाती पडली?

'मार्चमध्ये पाहू' हे उत्तर समजले जाणार नाही. दूरध्वनी स्वीकारला जाणार नाही. शुक्रवार दिनांक ३१ जानेवारी, दुपारी बारा वाजण्यापूर्वी, जावक क्रमांकासह आणि आपल्या स्वाक्षरीने, लेखी उत्तर द्यावे."